आलेख शेवटी, तक्ता आधी: शेअरच्या भावांचा आलेख स्प्रेडशीटमध्ये काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी रिलायन्स इंडस्ट्रीजचे जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२४ या पाच वर्षांचे रोजचे भाव एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावरून वर्षावर्षाच्या फायलींत उतरवून घेतले, एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवले आणि त्यावरून कँडलचा, म्हणजे दिवसाचे उघडता, उच्चांक, नीचांक आणि बंद असे चारही भाव एकाच उभ्या दांडीत दाखवणारा, आलेख काढला. आलेखात तारखा मागेपुढे झाल्या आहेत, कँडल ओळखू येत नाहीत, आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस भाव एका दिवसात अर्ध्यावर आलेला दिसतो. एक्सेल सोडून दुसरे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे पहिले उत्तर असे की सॉफ्टवेअर बदलू नका. तुमच्या तिन्ही अडचणींपैकी एकही आलेख काढण्याच्या साधनामुळे आलेली नाही. दोन अडचणी तक्त्यातल्या आहेत आणि तिसरी आलेखाचा प्रकार निवडण्याची आहे. हाच तक्ता गूगल शीट्समध्ये किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये नेला तरी चूक तुमच्याबरोबर तिकडे जाईल. मी गेली सतरा वर्षे पुण्यात गुंतवणूकदारांसाठी भावांचे तक्ते आणि आलेख तयार करण्याचे काम करते, आणि माझ्या कामाचा मोठा भाग तक्ता नीट करण्यात जातो, आलेखाला त्यानंतर फार वेळ लागत नाही. म्हणून खाली मी आधी तक्त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

तारखांपासून सुरुवात करू. तारीख ही स्प्रेडशीटच्या दृष्टीने एक संख्या असते आणि तिच्यावर तारखेचा पोशाख चढवलेला असतो. फाईल उघडताना संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल, तर ०५/०८/२०२४ ही पाच ऑगस्टची तारीख आठ मे म्हणून वाचली जाते, आणि २५/०८/२०२४ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता साधा मजकूर म्हणून पडून राहते. परिणामी अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या मजकूर, असा तक्ता तयार होतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की, स्तंभाला तुम्ही स्वतः डावे-उजवे केलेले नसेल तर, खरी तारीख खान्याच्या उजव्या कडेला टेकते आणि मजकूर डाव्या कडेला. एक्सेलमध्ये तारखांचा स्तंभ निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ही आज्ञा द्यावी आणि तिथे दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगावा. मात्र ज्या तारखा आधीच उलट वाचल्या गेल्या आहेत त्या याने सुधारत नाहीत, त्यामुळे मूळ फाईल पुन्हा आणून आयात करतानाच क्रम सांगणे अधिक सुरक्षित आहे. गूगल शीट्समध्ये फाईलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (प्रादेशिक मांडणी) भारत असे आधी निवडावे आणि मगच माहिती आत घ्यावी.

भावांच्या स्तंभांतही असाच एक सापळा आहे. उतरवलेल्या फाईलमध्ये हजारांच्या जागी स्वल्पविराम असेल आणि आकडा अवतरणचिन्हांत असेल, तर तो संख्या म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचला जाऊ शकतो, आणि आलेख त्याला शून्य समजतो. तुमच्या आलेखात कँडल ओळखू येत नाहीत त्याचे एक कारण हे असण्याची बरीच शक्यता आहे. स्वल्पविराम काढून स्तंभाची बेरीज करून पाहावी. बेरीज शून्य आली, तर आकडे अजून मजकूरच आहेत.

फायली एकाखाली एक चिकटवताना तीन गोष्टी हमखास राहतात. दुसऱ्या फाईलपासूनची शीर्षकाची ओळ तक्त्याच्या मधोमध राहते. दोन फायलींच्या सांध्यावरची तारीख दोनदा येते. आणि एनएसईच्या फाईलमध्ये नवी तारीख वर व जुनी खाली असल्यामुळे वर्षांचा क्रम एका दिशेने आणि वर्षातल्या दिवसांचा क्रम दुसऱ्या दिशेने जातो. संपूर्ण तक्ता तारखेनुसार जुन्याकडून नव्याकडे लावून घ्यावा, दुबार ओळी काढाव्यात, आणि ‘सीरिज’ या स्तंभात ईक्यू, म्हणजे साधे इक्विटी शेअर, असलेल्याच ओळी ठेवाव्यात. शिवाय त्या फाईलमध्ये शेवटच्या व्यवहाराचा भाव आणि बंद भाव असे दोन वेगळे स्तंभ असतात. तुमच्या या पाच वर्षांत एनएसईचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या भारित सरासरीने ठरत होता, त्यामुळे हे दोन आकडे बहुतेक दिवशी थोडे वेगळे असतात. आलेखासाठी बंद भाव घ्यावा आणि संपूर्ण तक्ताभर तोच घ्यावा.

काही जण तारखांचा स्तंभ स्वतः तयार करतात: शनिवार-रविवार वगळून तारखा देणारे सूत्र लावतात आणि शेजारी भाव चिकटवतात. हे कृपया करू नये. तुमच्याच पाच वर्षांत १ फेब्रुवारी २०२० हा अर्थसंकल्पाचा शनिवार होता आणि बाजार चालू होता. १४ नोव्हेंबर २०२० ला शनिवारी, तर १२ नोव्हेंबर २०२३ ला चक्क रविवारी लक्ष्मीपूजनाचे मुहूर्ताचे व्यवहार झाले. २०२४ मध्ये २० जानेवारी, २ मार्च आणि १८ मे या तीन शनिवारी बाजार उघडला होता, आणि २० जानेवारीनंतरचा सोमवार सुट्टीचा होता. सूत्राने बनवलेल्या तारखा अशा प्रत्येक ठिकाणी एका ओळीने घसरतात आणि त्यापुढचा प्रत्येक भाव चुकीच्या दिवसाशेजारी जाऊन बसतो. तारीख नेहमी भावाबरोबर आलेलीच वापरावी.

आता ऑक्टोबर २०२४ च्या त्या कड्याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. रिलायन्सने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर मोफत, दिला आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून शेअरचे व्यवहार बोनसविना सुरू झाले. ज्याच्याकडे १०० शेअर होते त्याच्याकडे २०० झाले आणि प्रत्येकाचा भाव साधारण निम्मा झाला. गुंतवणूकदाराचे त्या कड्यावरून काहीच पडले नाही. परंतु एक्सचेंजची रोजची फाईल त्या दिवशी प्रत्यक्ष जो भाव झाला तो नोंदवते, आणि तसेच तिने करायला हवे. मागचे भाव नव्या शेअरसंख्येशी जुळवून घेणे हे आलेख काढणाऱ्याचे काम आहे.

जुळवणीचा हिशेब अवघड नाही. मागच्या भावांना ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक. बोनसमध्ये जुन्या शेअरांची संख्या भागिले बोनसनंतरची एकूण संख्या हा गुणक असतो. एकास एक बोनसमध्ये तो ०.५ होतो, आणि दोन शेअरांमागे एक बोनस असेल तर दोन भागिले तीन. शेअरचे विभाजन झाले असेल तर नवे दर्शनी मूल्य भागिले जुने दर्शनी मूल्य हा गुणक असतो. टाटा स्टीलने जुलै २०२२ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर केले, म्हणून तिथे तो ०.१ आहे.

तुमच्या तक्त्यात मात्र आणखी एक घटना आहे, आणि आलेखात ती कड्यासारखी दिसत नसल्यामुळे तुमच्या लक्षात आलेली नाही. २० जुलै २०२३ रोजी रिलायन्सचा वित्तीय व्यवसाय वेगळा झाला, जो पुढे जिओ फायनान्शियल म्हणून ऑगस्टमध्ये बाजारात आला. आदल्या दिवशी एनएसईवर रिलायन्सचा बंद भाव २८४१.८५ रुपये होता. २० तारखेला सकाळी भाव ठरवण्यासाठी खास सत्र झाले आणि तिथे रिलायन्सचा भाव २५८० रुपये निघाला. फरकाचे २६१.८५ रुपये हे वेगळ्या झालेल्या कंपनीचे मूल्य ठरले, आणि प्रत्येक भागधारकाला एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. आलेखात ही साधारण नऊ टक्क्यांची घसरण एखाद्या वाईट दिवसासारखी दिसते, प्रत्यक्षात तो दिवस तसा नव्हता. इथला गुणक २५८० भागिले २८४१.८५, म्हणजे सुमारे ०.९०७९ आहे.

याशिवाय मे २०२० मध्ये रिलायन्सने हक्कभाग, म्हणजे जुन्या भागधारकांना ठरावीक भावाने विकत घेता येणारे नवे शेअर, दिले होते, दर १५ शेअरांमागे एक, १२५७ रुपये भावाने. त्याची जुळवणी करायची तर शेअरचे व्यवहार हक्कभागाविना सुरू होण्याच्या आदल्या दिवसाच्या बंद भावाला १५ ने गुणून त्यात १२५७ मिळवावेत, आलेल्या बेरजेला १६ ने भागावे, आणि त्या उत्तराला पुन्हा आदल्या दिवसाच्या बंद भावाने भागावे. हा गुणक एकच्या अगदी जवळ येतो. अशी लहान जुळवणी करायची की सोडून द्यायची हे तुमच्या उद्देशावर अवलंबून आहे. नुसता कल पाहायचा असेल तर सोडली तरी चालते. परताव्याची टक्केवारी मांडायची असेल तर मी ती सोडत नाही.

हे सगळे स्प्रेडशीटमध्ये बसवण्याची माझी पद्धत सांगते. मूळ भावांना मी कधीही हात लावत नाही. त्यांच्या उजवीकडे ‘घटना-गुणक’ नावाचा स्तंभ ठेवते, त्यात सगळीकडे १ भरते, आणि ज्या दिवसापासून नवा भाव लागू झाला त्याच दिवसाच्या ओळीत तो गुणक लिहिते. त्याच्या शेजारी ‘संचित गुणक’ हा दुसरा स्तंभ. सर्वांत शेवटच्या, म्हणजे सर्वांत नव्या, ओळीत तिथे १ लिहायचे. तिच्या वरच्या प्रत्येक ओळीत सूत्र असे: खालच्या ओळीचा संचित गुणक गुणिले खालच्या ओळीचा घटना-गुणक. हे सूत्र वरपर्यंत ओढले की गुणक आपोआप मागच्या सर्व दिवसांना लागत जातात आणि घटनेच्या दिवसाला स्वतःला लागत नाहीत, आणि तसेच व्हायला हवे. मग उघडता भाव, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव या चारही आकड्यांना संचित गुणकाने गुणून जुळवलेले चार स्तंभ तयार करावेत. फक्त बंद भाव जुळवला आणि बाकीचे तीन तसेच ठेवले, तर कँडलचे धड (उघडत्या आणि बंद भावामधला जाड भाग) एकीकडे आणि वात (उच्चांक-नीचांकापर्यंतची बारीक रेघ) दुसरीकडे जाते.

व्हॉल्यूमच्या, म्हणजे दिवसभरात हात बदललेल्या शेअरांच्या संख्येच्या, बाबतीत जरा सावध राहावे. बोनस आणि विभाजनात शेअरांची संख्या वाढते, म्हणून मागचे व्हॉल्यूम त्या गुणकाने भागावे लागते. व्यवसाय वेगळा होताना संख्या बदलत नाही, म्हणून तो गुणक व्हॉल्यूमला लावू नये. त्यामुळे व्हॉल्यूमचा आलेख हवा असेल तर त्याच्यासाठी संचित गुणकाचा वेगळा स्तंभ ठेवावा लागतो. आणि मुहूर्ताच्या तासाभराच्या सत्राचे व्हॉल्यूम, उदाहरणार्थ १ नोव्हेंबर २०२४ चे, स्वाभाविकपणे कमीच असते, त्यावरून काही निष्कर्ष काढू नये.

घटना सुटू नयेत म्हणून मी एक चाळणी लावते. आजचा बंद भाव भागिले कालचा बंद भाव काढायचा, आणि बदल सात टक्क्यांहून जास्त असेल ती ओळ रंगवायची. पुष्कळ जण ही मर्यादा वीस टक्क्यांवर ठेवतात, पण मग जुलै २०२३ ची घटना निसटते. रंगलेली प्रत्येक ओळ चुकीची असते असे मात्र नाही. २३ मार्च २०२० ची ओळही रंगेल, आणि त्या दिवशी रिलायन्स अवघ्या बाजाराबरोबर खरोखरच कोसळला होता. चाळणीने दाखवलेल्या दिवसाची तारीख एक्सचेंजच्या कॉर्पोरेट घटनांच्या यादीशी ताडून पाहावी आणि मगच गुणक लिहावा. केवळ आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून गुणक लिहिणे ही फसवणूक आहे, स्वतःचीसुद्धा.

या गोष्टीवर मी इतका भर का देते त्याला कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कार्यालयासाठी दोनशे दिवसांच्या सरासरीखाली आलेल्या शेअरांची यादी बनवत असे. एका शेअरचे विभाजन झाले होते आणि मी मागचे भाव जुळवले नव्हते. भाव सरासरीच्या फार खाली दिसला, तो शेअर यादीत गेला, आणि एका वयस्कर ग्राहकांनी ती यादी पाहून चांगला शेअर विकला. मला चूक कळली तेव्हा व्यवहार होऊन गेला होता. न जुळवलेल्या भावावरची दोनशे दिवसांची सरासरी घटनेनंतर पुढे दोनशे सत्रे, म्हणजे साधारण दहा महिने, खोटी राहते, आणि कडा जसा डोळ्यांत भरतो तशी ती भरत नाही. म्हणून तुम्हाला सरासरीची रेघ काढायची असेल तर ती जुळवलेल्या बंद भावावरच काढावी. पहिल्या १९९ ओळींत सरासरी निघू शकत नाही, तिथे रिकामा मजकूर देणारे सूत्र लिहिले तर एक्सेल रेघ शून्यापासून सुरू करते. त्या ओळींत ‘उपलब्ध नाही’ ही त्रुटी मुद्दाम देणारे एनए हे फंक्शन वापरावे.

लाभांशाचे काय, हा प्रश्न आता तुमच्या मनात येईल. रिलायन्सचा लाभांश भावाच्या मानाने लहान असतो, त्यामुळे आलेखाच्या आकारात फारसा फरक पडत नाही. कोल इंडियासारख्या भरघोस लाभांश देणाऱ्या कंपनीत मात्र पाच वर्षांत मोठा फरक पडतो. भाव कुठून कुठे गेला हे पाहायचे असेल तर लाभांश बाहेर ठेवावा, आणि हाती एकूण काय आले हे पाहायचे असेल तर आत घ्यावा. कोणता निर्णय घेतला ते आलेखाच्या शीर्षकातच लिहून ठेवावे. निफ्टीशी तुलना करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण नेहमी दिसणाऱ्या निफ्टी ५० मध्ये लाभांश धरलेला नसतो आणि लाभांशासह निर्देशांक वेगळा प्रसिद्ध होतो. दोन्ही बाजूंना एकच नियम लावावा, आणि दोन्ही मालिका पहिल्या दिवशी १०० धरून मांडाव्यात. डावीकडे एक व उजवीकडे दुसरा अक्ष लावून केलेली तुलना मी टाळते, कारण अक्षांच्या मर्यादा बदलून कोणतीही रेघ दुसऱ्या रेघेच्या वर दाखवता येते.

आतापर्यंतचा क्रम असा झाला: तारखा आणि आकडे खरे करणे, ओळी एका दिशेने लावणे, घटना शोधून चारही भाव जुळवणे. एवढे झाल्यावर आलेखाकडे जावे.

एक्सेलच्या स्टॉक आलेखाला स्तंभ ठरावीक क्रमानेच लागतात: तारीख, उघडता भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव. व्हॉल्यूमसह हवा असेल तर तारखेनंतर लगेच व्हॉल्यूम. गूगल शीट्सचा कँडल आलेख हाच मजकूर वेगळ्या क्रमाने मागतो: तारीख, नीचांक, उघडता भाव, बंद भाव, उच्चांक. एकाचा क्रम दुसऱ्याला दिला तर आलेख निघतो, पण कँडल अर्थहीन होतात, आणि तुमच्या बाबतीत फाईलमधले मधले इतर स्तंभही निवडले गेले असावेत असा माझा कयास आहे. लागणारे पाच स्तंभ वेगळ्या पानावर क्रमाने घेऊन मगच आलेख काढावा. आडवा अक्ष एक्सेल आपणहून तारखेचा करते आणि सुट्ट्यांच्या जागी खिंडारे ठेवते, तो अक्षाच्या मांडणीत जाऊन मजकुराचा केला की सत्रे सलग येतात. गूगल शीट्समध्ये गूगलफायनान्स या फंक्शनने भाव आणणार असाल तर लक्षात ठेवावे की जुन्या भावांच्या तारखेला बाजार बंद होण्याची वेळ, म्हणजे साडेतीन, चिकटलेली असते, त्यामुळे दुसऱ्या तक्त्यातल्या तारखेशी ती जुळत नाही. पूर्णांक घेणारे इंट हे फंक्शन लावून वेळ काढून टाकावी.

तरीही तुमचे कँडल नीट दिसणार नाहीत, कारण पाच वर्षांत बाराशेहून अधिक सत्रे होतात आणि पडद्याच्या रुंदीत तेवढ्या कँडल मावतच नाहीत. रोजच्या कँडल तीन ते सहा महिन्यांसाठी योग्य आहेत. वर्षा-दीड वर्षासाठी मी आठवड्याच्या कँडल करते: प्रत्येक तारखेपुढे त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख काढायची, आणि त्या गटातला पहिला उघडता भाव, सर्वांत मोठा उच्चांक, सर्वांत लहान नीचांक आणि शेवटचा बंद भाव घ्यायचा. पाच वर्षांसाठी जुळवलेल्या बंद भावाची साधी रेघ पुरते, आणि ती कँडलपेक्षा अधिक खरे सांगते.

उभा अक्ष मात्र पाच वर्षांसाठी लॉगरिदमिक ठेवावा. सेन्सेक्सचे उदाहरण घ्या. २८ एप्रिल १९९२ रोजी तो ५७० अंकांनी पडला, ती घसरण १२.७७ टक्के होती. २३ मार्च २०२० रोजी तो ३९३४ अंकांनी, म्हणजे १३.१५ टक्के पडला. ४ जून २०२४ रोजी ४३८९ अंकांनी, पण ती घसरण ५.७४ टक्केच होती. साध्या अक्षावर तिसरी घसरण सर्वांत मोठी दिसते आणि पहिली दिसतच नाही. लॉग अक्षावर सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते, त्यामुळे पहिल्या दोन जवळपास बरोबरीच्या आणि तिसरी त्यांच्या निम्म्याहून कमी दिसते. एक्सेलमध्ये लॉग अक्षाचा आधार १० असतो, तो २ केला की प्रत्येक आडवी रेघ मागच्या रेघेच्या दुप्पट भावाची होते आणि वाचायला सोपी जाते. दोन-तीन महिन्यांच्या आलेखासाठी साधा अक्षच ठेवावा, तिथे फरक नगण्य असतो.

एक पडताळणी आधी करून घ्या. तुमच्या तक्त्यात १९ जुलै २०२३ च्या ओळीत मूळ बंद भाव २८४१.८५ असेल. जुलै २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ चे दोन्ही गुणक बरोबर बसले असतील तर जुळवलेला बंद भाव १२९० रुपये येईल. तो २५८० आला तर बोनसचा गुणक राहिला आहे, आणि १४२०.९३ च्या आसपास आला तर जुलैचा. १२९० आला की आलेख काढायला घ्या, आणि कँडल तरीही वेड्यावाकड्या आल्या तर पाचही स्तंभांच्या पहिल्या दहा ओळी इथे लिहा, मी पाहून सांगते.